प्रवाळभित्तींचा इतिहास आणि बिनतारी संवेदक

कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करणारा ‘आंग्रिया बँक’ हा जलमग्न प्रवाळमंच विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०५ कि.मी.वर आहे. उन्हाळी कमाल तपमानाहून पाणी एखादा अंश अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ आपले सहजीवी शैवाल गमावून विवर्ण होतो. १९९८ साली अनेक समुद्रांत असे घडले. पाणबुड्यांच्या प्रासंगिक पाहणीत परिणाम दिसतो. कारणाचा कालक्रम दिसत नाही. एकविसाव्या शतकाच्या प्रथम दशकात ऑस्ट्रेलियातील हेरॉन बेटावर बिनतारी संवेदकांचे जाळे उभारून ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न झाला. समुद्रजल रेडिओलहरी शोषून घेते. यास्तव संवेदक तारेने तरंगत्या बोयास जोडतात व बोया वार्ता धाडतो. आंग्रिया किनाऱ्यापासून दूर असल्याने तेथे उपग्रहाचाच आधार घ्यावा लागेल. अखंड नोंदीवाचून या प्रवाळाच्या ऱ्हासाचा कार्यकारणभाव इतिहासास सांगता येणार नाही.