केमचा लाल रंग आणि छत्तिसाचा रोल

पुण्याहून सोलापूरकडे जाताना जेऊरनंतर आणि कुर्डुवाडीच्या आधी केम स्टेशन लागते. करमाळा तालुक्यातले हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. हळदीवर क्षाराची प्रक्रिया झाली की पिवळ्याचा लाल होतो, एवढ्या साध्या रसायनावर कुंकवाचा मूळ धंदा उभा राहिला. आमच्या घरांतही लग्नाआधी हळद लागते, नवरीचा दुपट्टा लाल असतो. त्यामुळे हा लाल-पिवळा फोटोत उतरला की नाही, हा प्रश्न आपल्या भागात सगळ्यांच्याच अल्बमचा आहे.

फार काळ तो उतरतच नव्हता. सुरुवातीच्या काचेच्या प्लेटींना निळा आणि जांभळा प्रकाश तेवढा कळायचा. 1873 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मन फोगल यांना आढळले की, विशिष्ट रंगद्रव्ये मिसळली तर प्लेट हिरवा-पिवळा प्रकाशही टिपते. लाल मात्र त्यानंतरही बरीच वर्षे काळाच येत राहिला. जुन्या फोटोंत बायकांच्या कपाळावर काळा ठिपका दिसतो तो यामुळेही. गिऱ्हाइकाला रंग हवाच असेल तर स्टुडिओतला चित्रकार बारीक ब्रशने प्रिंटवर ओठ, दागिने, साडीचे काठ रंगवून द्यायचा. साडी खरोखर कोणत्या रंगाची होती, हे त्याला तोंडी सांगावे लागे. म्हणजे त्या काळातले कित्येक रंगीत फोटो ही फोटोपेक्षा साक्षच जास्त आहे.

कोडकने 1942 मध्ये कोडाकलर हा रंगीत निगेटिव्हचा रोल अमेरिकेत बाजारात आणला. आपल्याकडे सामान्य माणसाच्या हातात पुढची कित्येक वर्षे कृष्णधवलच राहिले. कॅमेरा बहुधा अ‍ॅग्फा क्लिक थ्री, त्यात 120 चा रोल, त्यावर बारा फोटो. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात 1967 पासून ‘इंदू’ रोल बनू लागले. आयातीवर बंधने असलेल्या देशात ही मोठी सोय होती. रंगीत रोल बाहेरून यायचा, महाग पडायचा, आणि धुवायला मोठ्या शहरात पाठवावा लागायचा.

रंगीत रोल स्वस्त कसा झाला, याचे उत्तर माझ्या मते कॅमेऱ्यात नाही, रोल धुण्याच्या रसायनात आहे. 1972 मध्ये कोडकने सी-41 ही पद्धत आणली. रंगीत निगेटिव्हमध्ये निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशासाठी वेगवेगळे थर असतात. डेव्हलपरमध्ये पडल्यावर त्या थरांत अनुक्रमे पिवळा, किरमिजी आणि निळसर रंग तयार होतो. चांदी मागाहून धुऊन टाकली जाते. तापमान 37.8 अंश, डेव्हलपरची वेळ सव्वातीन मिनिटे. अर्ध्या अंशाची चूकही रंगात दिसू शकते. निगेटिव्हवरचा तो नारिंगी पडदाही दोष नव्हे. रंगद्रव्यांतली अशुद्धता भरून काढण्यासाठी तो मुद्दाम ठेवलेला असतो.

हळूहळू फुजी, कोनिका, अ‍ॅग्फा या कंपन्यांनी याच पद्धतीशी जुळणारे रोल काढले. खरी किमया ती. कोणत्याही कंपनीचा रोल एकाच मशीनमध्ये धुता येऊ लागला, आणि गिऱ्हाईक पहिल्यांदा भाव करू शकले. याउलट पूर्व जर्मनीचा ओर्वो पाहा. त्याच्या रंगीत रोलची रसायने बराच काळ वेगळी होती. रोल स्वस्त मिळाला तरी तो धुणारा शोधावा लागे. पुढे जपानच्या नोरित्सूसारख्या कंपन्यांची छोटी मशीन आली आणि तालुक्याच्या बाजारपेठांतही ‘कलर लॅब’च्या पाट्या झळकू लागल्या.

1980 आणि 90 च्या दशकांत हॉट शॉटसारखे साधे कॅमेरे घरोघरी आले. त्यांत जुळवाजुळव फारशी नसायची. बटण दाबायचे, एवढेच. तरीही फोटो बरे यायचे, कारण निगेटिव्ह मोठ्या मनाची असते. प्रकाश थोडा जास्त पडला तरी ती सांभाळून घेते. कमी पडला तर मात्र माफ करत नाही. सावल्या मातकट होतात, दाणा उठतो.

आमच्या घरात छत्तिसाचा एक रोल वर्षभर पुरवायचा दंडक होता. रमजान ईदला चार, बकरीदला चार, कुणाच्या बिस्मिल्लाखानीला दोन. मधले फोटो ‘वाया’ जाऊ नयेत म्हणून अब्बा कॅमेरा कपाटात कुलूपबंद ठेवत. सोलापूरचा उन्हाळा त्या कपाटातही शिरायचा. उष्णतेने रोलचे रंग बिघडतात हे कुणाला ठाऊक होते! पहिल्या ईदचे फोटो फिकट का आले म्हणून आम्ही लॅबवाल्याशी भांडायचो. काटकसर आमची, शिव्या त्याला.

फुफीच्या निकाहचे त्याहून वाईट झाले. रोल 100 चा होता, उन्हासाठी उत्तम. पण रुखसती रात्री झाली, पिवळ्या बल्बखाली, आणि फ्लॅश दोन हातांपलीकडे पोचत नव्हता. दुपट्ट्याचा लाल रंग विटकरी आला, मागे बसलेली दादी अंधारात विरघळली. तिचा तो शेवटचा फोटो. 400 चा रोल काही रुपयांनी महाग होता, म्हणून घेतला नव्हता.

चेहऱ्यांबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. प्रिंटचे रंग जुळवायला कोडक लॅबना एक नमुना-फोटो देत असे, ‘शर्ली कार्ड’ या नावाने तो ओळखला जातो. त्यात बरीच वर्षे गोरीच बाई असायची. तिची कांती बरोबर आली की मशीन बरोबर, असा हिशेब. सावळ्या माणसांचे बारकावे हरवतात, याकडे कंपनीने उशिरा लक्ष दिले. चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांच्या तक्रारींनी त्याला हातभार लावला, असे कोडकच्याच माणसांनी पुढे सांगितले आहे. आपल्या अल्बममधले काळवंडलेले चेहरे आठवले की मला ही हकिकत आठवते.

आज कोनिका या धंद्यात नाही. तिने 2006 मध्ये बाहेर पडण्याची घोषणा केली. अ‍ॅग्फाफोटो 2005 मध्ये दिवाळखोरीत गेली, कोडकवर ती वेळ 2012 मध्ये आली, उटीचा कारखानाही बंद पडला. तरी कॉलेजातली मुले पुन्हा रोल विकत घेतात आणि कोणता घेऊ म्हणून विचारतात. रोजच्या, दिवसाच्या फोटोंना कोडक कलरप्लस 200 किंवा गोल्ड 200 पुरे. संध्याकाळ, घरातले प्रसंग असतील तर अल्ट्रामॅक्स 400 घ्या, तिथे कंजुषी नको. कॅमेऱ्यात वेग हाताने लावता येत असेल तर 200 चा रोल 100 समजून वापरा. सावळ्या चेहऱ्यांना तो जास्तीचा प्रकाश मानवतो. सिनेमाचा कच्चा रोल कापून डब्यांत भरलेला स्वस्तात मिळतो, पण त्यातल्या बऱ्याच रोलना पाठीमागे काजळीचा थर असतो. तो साध्या सी-41 मशीनमध्ये टाकला तर रसायन खराब होते; आधी लॅबवाल्याला सांगा. मुदत संपलेला रोल निकाहला वापरू नका. आणि भरलेला रोल महिनोन्महिने कॅमेऱ्यात ठेवू नका, लगेच धुवायला द्या.

निगेटिव्ह परत मागून घ्यायला विसरू नका. फुफीच्या अल्बममधले प्रिंट आता लालसर पडले आहेत, पण निगेटिव्हच्या पट्ट्या बिस्किटाच्या डब्यात मिळाल्या. गेल्या वर्षी त्या स्कॅन करून घेतल्या. विटकरी दुपट्टा बराचसा लाल झाला. दादीच्या जागी मात्र दाणेच दाणे आहेत, आणि त्यात बांगड्यांची एक चमक.