शड्डू, पत्री आणि वीस बाजूंचा फासा

कुंडलच्या कुस्ती मैदानात जोड लागली की हलगीच्या वर पहिला आवाज चढतो तो शड्डूचा. मांडीवर, दंडावर सणसणीत थाप. अजून कुणी कुणाला हात लावलेला नसतो. तरी समोरचा किंचित बिचकतो, किंवा बिचकत नाही, आणि कडेला बसलेले म्हातारे वस्ताद तेवढ्यावर निकाल सांगून मोकळे होतात. (निम्म्या वेळा चुकतात, ते सोडा.) आता हे घाबरवणं कशाच्या जोरावर चालतं? दंडातल्या ताकदीच्या, की ती मिरवण्याच्या रुबाबाच्या?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणारी मंडळी या प्रश्नावर वर्षानुवर्षं भांडताहेत. मी मूळची पलूसची, नोकरीला पुण्यात, आणि शनिवारी रात्री हा खेळ ऑनलाइन खेळणाऱ्यांपैकी एक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढलेला हा खेळ. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, एकाने गोष्ट चालवायची, आणि काही अवघड करायचं असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. पडलेल्या आकड्यात पात्राच्या गुणाचा आकडा मिळवायचा. गुण सहा. त्यात एक ताकद, एक करिष्मा.

२००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत धमकावून काम करून घेण्याचं कौशल्य करिष्म्याला जोडलं गेलं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतही ते तिथेच राहिलं. परिणाम असा की धिप्पाड रानटी योद्धा पहारेकऱ्याची गचांडी धरून उभा आहे, पण करिष्मा कमी म्हणून पहारेकरी ढिम्म. आणि किडकिडीत गवयाने नुसते डोळे वटारले तर दरवाजा उघडतो. लोक चिडणारच. म्हणून नियमपुस्तकातच एक पळवाट आहे: खेळ चालवणाऱ्याला पटलं तर ताकदीचा आकडा धरा.

हे भांडण इंग्रजीत एका शब्दावर चालतं. मराठीत तो शब्द फुटतो. मास्तरांचा धाक असतो, एखाद्या माणसाचा दरारा असतो, अधिकाऱ्याची जरब असते, कायद्याचा वचक असतो आणि गुंडाची दहशत असते. घाबरणाऱ्याच्या छातीतली धडधड एकच, पण ती कुणामुळे आणि का, हे आपण शब्दातच सांगून टाकतो. यातला वचक आणि दहशत यांच्यातला फरक आमच्याच भागात साडेतीन-चार वर्षं रोज तपासला जात होता.

कुंडल आज पलूस तालुक्यात आहे. १९४२ साली ते औंध संस्थानात होतं आणि भोवतालचा बराच मुलूख इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. (तो जिल्हा फुटून दक्षिण सातारा झाला १९४९ मध्ये; त्यालाच पुढे सांगली जिल्हा हे नाव मिळालं.) ‘चले जाव’ची हाक आल्यावर इथे तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ३ सप्टेंबरला तासगावला हजारो माणसं कचेरीवर गेली. मामलेदाराने गांधी टोपी घातली, कचेरीवर झेंडा लागला, गोळी सुटली नाही. इथे फासा कुठल्या गुणावर टाकणार? कुणा एकाची ताकद नव्हती, कुणा एकाचा करिष्माही नव्हता. गर्दी होती, आणि ती गर्दी मारायला आलेली नाही हे मामलेदाराला दिसत होतं.

आठवड्याभरात चित्र पालटलं. ९ सप्टेंबरला वडूजला आणि १० सप्टेंबरला इस्लामपूरला पोलिसांनी मोर्चांवर गोळ्या झाडल्या. वडूजला नऊ जण गेले. इस्लामपूरला पडलेल्यांत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर उमाशंकर पंड्या होते. किर्लोस्करवाडी म्हणजे पलूसहून हाकेच्या अंतरावर.

इथून पुढे चळवळ जमिनीखाली गेली आणि १९४३ मध्ये प्रतिसरकार आकाराला आलं. नेते येडेमच्छिंद्रचे नाना पाटील. तलाठ्याची नोकरी सोडून १९३० च्या सत्याग्रहात उतरलेले, उंचेपुरे, आणि बोलायला लागले की बांधावरची भाषा. खेळाच्या हिशेबात सांगायचं तर दोन्ही गुण चढे. कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि त्यांच्या साथीदारांनी तुफान सेना उभी केली. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवून तो पैसा चळवळीसाठी घेतला, तो याच मंडळींनी. पण रेल्वे लुटणं हा सिनेमाला शोभणारा भाग. मला जास्त महत्त्वाची वाटतात ती न्यायदान मंडळं. गावोगावी बसून जमिनीचे, कर्जाचे, टाकलेल्या बायकांचे तंटे ऐकणारी. सावकाराला, दरोडेखोराला, पोलिसांच्या खबऱ्याला बोलावणारी.

आणि शिक्षा करणारी. मोठ्या गुन्ह्याला तळपायांवर काठीचे फटके. तळवे सुजलेला माणूस काही दिवस धड चालू शकत नाही. तो भिंतीला धरून अंगणात येतो आणि गल्ली बघते. फटके मारायला दोन दांडगे गडी पुरतात. बघायला अख्खं गाव लागतं.

त्यातून ‘पत्री’ हा शब्द चिकटला. बैलाच्या खुराला मारतात तशी लोखंडी पत्री हे लोक माणसाच्या पायाला ठोकतात, अशी वदंता पसरली आणि प्रतिसरकारचं पत्री सरकार झालं. प्रत्यक्षात होती ती काठी. पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात हातोडा आणि खिळा. आमच्या घरी आजी कुणी खोटं बोललं की हसत म्हणायची, पत्री मारतील हं. तिच्या लहानपणीची भीती आमच्यापर्यंत गंमत होऊन पोचली होती. मारलेल्या फटक्याला मर्यादा असते, ऐकीव फटक्याला नसते. इथे माझं मत करिष्म्याच्या बाजूला झुकतं, पण थोडंसंच, कारण पहिला खरा फटका बसलाच नसता तर वदंतेला पाय फुटले नसते.

तरीही हे कोडं सुटत नाही. काठ्या दरोडेखोरांकडेही होत्या, आणि त्यांच्याही कथा पसरत होत्या. पोलिसांकडे तर बंदुका होत्या. मग नाना पाटील १९४६ पर्यंत भूमिगत राहिले आणि पोलिसांच्या हाती लागले नाहीत, ते कसं? औंधचा आसरा हे एक कारण. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्येच राज्यकारभार लोकांच्या हाती सोपवलेला, त्यामुळे संस्थानच्या हद्दीत पाय टेकवायला जागा होती. दुसरं कारण जास्त साधं. ज्या घरात ते झोपायचे, त्या घराने तोंड उघडलं नाही. शेजारच्यानेही नाही. हे गप्प राहणं फक्त तळव्यांच्या भीतीने झालं असं म्हणणं त्या घरांवर अन्याय आहे. तंटा कचेरीत वर्षानुवर्षं लोळत पडायचा तो पारावर मिटत होता, सावकार नमला होता, कमी खर्चाची ‘गांधी लग्नं’ लागत होती. लोकांना ते सरकार आपलं वाटत होतं. म्हणून त्याची भीती वचक ठरली.

मात्र ज्याच्या तळव्यांवर काठी पडली त्याच्यासाठी ती दहशतच होती. त्याला वकील नव्हता, वरचं कोर्ट नव्हतं. भावकीच्या वैरातून कुणी कुणाचं नाव खबऱ्या म्हणून सांगितलं, तर ते पडताळायला वेळ किती आणि साधन काय? मला या चळवळीचा अभिमान आहे, आणि ही जागा मला टोचते. आमच्याकडच्या शताब्दीच्या भाषणांत, शाळेतल्या नाटुकल्यांत फटके खाणारा नेहमी जाड मिशांचा सावकार असतो. त्याची बायको, पोरं रंगमंचावर येत नाहीत.

आता शनिवारच्या खेळाचं. गोष्ट चालवायची पाळी माझ्यावर येते तेव्हा मी धमकावणाऱ्याला ताकद किंवा करिष्मा, हवा तो आकडा घेऊ देते. बदलते ती समोरची अडचण. पहारेकऱ्याच्या मागे गाव आहे का? धमकी देणाऱ्याबद्दल त्या गावाने काय ऐकलंय? गावाला तो आपला वाटतो का? उत्तरांवरून फाशाला गाठायचा आकडा पाचाने वर किंवा खाली. आमच्यातल्या एकाला हे अजिबात मान्य नाही. त्याच्या मते मी नियम वाकवते आणि त्याच्या रानटी योद्ध्याचं वाटोळं करते. तो योद्धा तीन गावं जाळून आला आहे, त्यामुळे तक्रार ऐकून घेते एवढंच.

त्याला मी एकदा नाना पाटलांची पुढची कारकीर्द सांगितली. १९५७ साली ते साताऱ्यातून लोकसभेवर गेले. ते समजण्यासारखं आहे, घरचा मुलूख. पण १९६७ साली कम्युनिस्ट पक्षाकडून ते निवडून आले ते बीडमधून. तिथे पत्री कधी कुणाला बसली नव्हती, तुफान सेनाही तिथे कधी नव्हती. वयाची पासष्टी उलटलेला एक माणूस मराठवाड्यात गेला, बोलला, आणि अनोळखी शेतकऱ्यांनी मतं टाकली.