पी-५१ मस्टँग: इंजिन बदललं आणि विमानाचं नशीबच बदललं

१९४० मध्ये ब्रिटनला लढाऊ विमानं तातडीने हवी होती. त्यांनी अमेरिकेच्या नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनला पी-४० हे दुसऱ्या कंपनीचं मॉडेल बनवायला सांगितलं. कंपनी म्हणाली, त्यापेक्षा नवीनच बनवतो! एडगर श्मूड यांच्या टीमने १०२ दिवसांत पहिला नमुना शेडबाहेर काढला. (इंजिन मात्र अजून आलंच नव्हतं.) २६ ऑक्टोबर १९४० ला तो उडाला.

खाली हे विमान सुसाट पळायचं, पण साधारण १५,००० फुटांच्या वर त्याला दम लागायचा. का? वर हवा विरळ असते. म्हणून सुपरचार्जर हवा दाबून इंजिनात भरतो. मूळच्या ॲलिसन इंजिनात हे काम एकाच टप्प्यात व्हायचं. १९४२ मध्ये रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन बसवलं, त्यात दोन टप्पे होते. बॉडी जवळपास तीच, पण आता ३०,००० फुटांवरही जोर टिकू लागला.

याची गरज किती होती बघा. १४ ऑक्टोबर १९४३ ला जर्मनीतल्या श्वाइनफुर्टकडे निघालेल्या २९१ अमेरिकन बॉम्बरपैकी ६० पडले. सोबतच्या लढाऊ विमानांना इंधनाअभावी वाटेतूनच मागे फिरावं लागायचं.

मस्टँगच्या पंखांखाली सोडून देता येणाऱ्या टाक्या लावल्या, शिवाय पायलटच्या मागे ८५ गॅलनची आणखी एक. ती भरलेली असली की विमान शेपटीकडे जड व्हायचं आणि सांभाळणं कठीण जायचं, म्हणून पायलट आधी तीच बरीचशी रिकामी करत. मार्च १९४४ मध्ये मस्टँग विमानं बॉम्बरसोबत थेट बर्लिनवर पोचली.