गतिदृष्टी, यंत्रमानवाची
कॅमेऱ्याच्या लागोपाठच्या प्रतिमा संगणकाने ताडून पाहून वस्तूंची वा यंत्रमानवाची स्वतःची हालचाल ओळखण्याची व तिचा माग ठेवण्याची क्षमता. गणनेस लागणारा वेळ हा तिच्या विकासातील प्रारंभीचा मुख्य अडसर होता. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात हान्स मोराव्हेक यांच्या गाड्याने ऑक्टोबर १९७९ मध्ये खुर्च्या मांडलेली सु. २० मी. लांबीची खोली मानवी मदतीविना ओलांडली, त्यास सु. ५ तास लागले. हा गाडा दर मीटरभर अंतरानंतर थांबे, पट्टीवर सरकणाऱ्या कॅमेऱ्याने ९ प्रतिमा घेई व १०–१५ मिनिटे गणित करी. उघड्यावरील चाचणीत तेवढ्या अवधीत सूर्याबरोबर सावल्या सरकल्या आणि गाड्याने रचलेला परिसराचा नकाशा चुकला. भोवतालचे जग स्थिर आहे, हेच त्याचे गृहीत होते.

१९८१ मध्ये हॉर्न व शुंक, तसेच लूकस व कानाडे यांनी प्रतिमेतील दीप्तीच्या बदलावरून वेग काढण्याच्या पद्धती मांडल्या. जर्मनीतील ई. डी. डिकमान्स यांची वाट निराळी व अधिक फलदायी होती. कॅल्मन यांच्या १९६० मधील गणिती पद्धतीच्या आधारे रस्त्याची कड पुढील प्रतिमेत कोठे दिसेल याचे भाकीत करून त्यांनी तेवढाच भाग तपासला. परिणामी मंद संगणकांवरही त्यांची मोटार १९८७ मध्ये रहदारी नसलेल्या महामार्गावर ताशी ९६ किमी. वेगाने धावली. मंगळावर २००४ मध्ये उतरलेल्या स्पिरिट व ऑपॉर्च्युनिटी या गाड्यांनी उतारावर चाके किती घसरली, हे प्रतिमांवरूनच मोजले. तेथेही प्रत्येक लहान टप्प्यास काही मिनिटे खर्ची पडत.