मालमोटारीची गंजदुरुस्ती

मालमोटारीची गंजदुरुस्ती म्हणजे जुन्या ट्रकच्या केबिनचा, मडगार्डचा किंवा हौद्याचा गंजून कुजलेला पत्रा कापून काढणे आणि त्या जागी सुस्थितीतील पत्रा जोडणे. जुन्या गाड्यांचे तयार सुटे भाग अनेकदा मिळत नाहीत किंवा परवडत नाहीत. अशा वेळी भंगारात निघालेल्या दुसऱ्या वाहनाचा पत्रा वापरला जातो. गॅरेजच्या बोलीत या कामाला 'पत्राकाम' आणि जोडलेल्या तुकड्याला 'पॅच' किंवा 'ठिगळ' म्हणतात. 'गंज' या अर्थी 'तांब' हा शब्दही मराठीत आहे. 'तांबेरा' मात्र पिकांवरील बुरशीजन्य रोगाचे नाव असल्याने लोखंडासाठी तो वापरू नये.

गंजाची कारणे

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की विद्युत-रासायनिक क्रिया घडून लोखंडाचे जलयुक्त ऑक्साइड तयार होते, हाच गंज. पाण्यात मीठ असेल तर त्याची विद्युतवाहकता वाढते आणि क्रिया वेगाने होते. ॲल्युमिनियमवरील ऑक्साइडचा थर धातूला घट्ट चिकटून त्याचे रक्षण करतो. लोखंडाच्या गंजाचे तसे नाही. तो सच्छिद्र असतो, पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. शिवाय गंजाचे घनफळ मूळ लोखंडापेक्षा बरेच जास्त असल्याने दोन पत्र्यांच्या सांध्यात तो साठला की सांधा फुगतो व रंगाला फोड येतात. फोड दिसू लागतो तेव्हा आतली बाजू बहुधा आधीच पोखरलेली असते. बाहेर रुपयाएवढा डाग आणि आत तळहाताएवढे भोक, हा नेहमीचा अनुभव आहे.

पाणी साचते तिथे गंज धरतो. समोरच्या काचेच्या रबराखालची पट्टी, पायाखालच्या चटईखालचा तळ, पायदान, निचऱ्याची भोके बुजलेला दरवाजाचा तळ आणि आम्लामुळे बॅटरीची बैठक या नेहमीच्या जागा होत. कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेची भर पडते. बर्फात मासळी नेणाऱ्या गाड्यांच्या हौद्यातून खारट पाणी सतत ठिबकत असते, त्यामुळे त्यांचा तळ लवकर जातो. कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात रस्त्यावरील बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. तिकडचे हौशी दुरुस्तीकार म्हणूनच ॲरिझोनासारख्या कोरड्या राज्यातील भंगार गाड्यांचा पत्रा शोधतात.

भारतीय मालमोटारींची रचना

टाटांनी १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझच्या सहकार्याने भारतात मालमोटारी बांधण्यास सुरुवात केली. हे सहकार्य १९६९ पर्यंत टिकले. मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर कंपनी डॉज व फार्गो या नावांच्या मालमोटारी बनवत असे. त्या काळात आणि नंतरही बऱ्याच वर्षांपर्यंत ग्राहकाला पुष्कळदा केवळ सांगाडा (चासिस) मिळे आणि केबिन व हौदा स्थानिक बॉडी-बांधणी करणारे कारागीर तयार करत. लाकडी चौकट उभारून तिच्यावर पत्रा ठोकण्याची पद्धत होती. अशा केबिनमध्ये लाकूड ओल धरून ठेवते आणि पत्रा पाठीमागून गंजतो. लाकूड न तपासता नुसता पत्रा बदलला तर दोनेक पावसाळ्यांत तीच जागा पुन्हा उघडी पडते. लाकडालगत वेल्डिंग करता येत नाही. तिथे स्क्रू किंवा रिव्हेट वापरावे लागतात.

भंगारातील पत्र्याची निवड

जुन्या केबिनचा पत्रा साधारणपणे १८ ते २० गेजचा, म्हणजे सुमारे १.२ ते ०.९ मिलिमीटर जाडीचा असतो. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, याची विद्यार्थ्यांनी नोंद घ्यावी. ठिगळ मूळ पत्र्याच्या जाडीचेच असावे. फार पातळ तुकडा वेल्डिंगमध्ये जळतो. फार जाड तुकड्याला वळण देता येत नाही आणि लगतचा पत्रा तापून वाकतो. सर्वांत सोयीचा पत्रा म्हणजे दुसऱ्या गाडीचे छत किंवा बॉनेट, कारण त्यात हवे ते वळण तयार मिळू शकते. जुन्या लोखंडी कपाटाचा पत्रा सपाट भागांसाठी चालतो. तेलाच्या डब्याचा पत्रा फारच पातळ असल्याने निरुपयोगी होय. ॲल्युमिनियमचा पत्रा लोखंडाला नेहमीच्या पद्धतीने वेल्ड होत नाही, आणि स्क्रूने बसवला तर ओलाव्यात दोन भिन्न धातूंच्या संपर्कामुळे क्षरण होते. हातात लोहचुंबक असला की ही शंका जागेवर मिटते.

२०० लिटरच्या पिंपांचा पत्रा जाडीने योग्य असतो, परंतु इंधन, तेल किंवा द्रावक साठवलेले पिंप ग्राइंडरने अथवा गॅसने कापणे प्राणघातक ठरू शकते. 'रिकाम्या' पिंपात राहिलेली वाफ हवेत मिसळून स्फोटक होते. द्रवाने भरलेल्या पिंपापेक्षा ते अधिक घातक असते. पूर्वी काय साठवले होते हे माहीत नसलेले पिंप घेऊच नये.

दुरुस्तीची पद्धत

प्रथम बॅटरीची ऋण जोडणी सोडवतात. कामाच्या जागेजवळची इंधनटाकी, नळ्या, आसनाचा फोम आणि चटया काढून ठेवतात व अग्निशामक हाताशी ठेवतात. मग स्क्रूड्रायव्हरने टोचून आणि हातोडीच्या आवाजावरून कूज कुठवर गेली आहे ते पाहतात. खणखणीत आवाज म्हणजे चांगला पत्रा, बद्द आवाज म्हणजे कूज किंवा जुनी पुट्टी. गंजलेल्या भागाच्या पलीकडे दोन-तीन सेंटिमीटर चकचकीत धातू लागेपर्यंत कापावे लागते. येथे हात आखडता घेतला तर वेल्डिंगला पकडच मिळत नाही. दरवाजाखालचा भाग कापण्यापूर्वी चौकटीत आडवा लोखंडी आधार ठोकतात. नाहीतर चौकट खचते आणि पुढे दरवाजा लागत नाही.

पुठ्ठ्याचा नमुना कापून त्यावरून ठिगळ बेततात. कोपरे गोलसर ठेवतात, कारण टोकदार कोपऱ्यावर ताण एकवटून चीर पडते. ठिगळ मूळ पत्र्यावर चढवण्याऐवजी कडेला कड भिडवून बसवणे चांगले. एकावर एक चढवलेल्या सांध्यात ओल अडकते आणि नवा गंज तिथूनच सुरू होतो.

पातळ पत्र्यासाठी मिग वेल्डिंग सोयीचे असते. साध्या आर्क वेल्डिंगच्या कांडीने भोके पडतात, तर गॅस वेल्डिंगची उष्णता दूरवर पसरते. सलग रेघ ओढली तर पत्रा लाटेसारखा उठतो. म्हणून आधी दोन-तीन सेंटिमीटर अंतराने ठिपके देतात, तेही एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला, आणि मधल्या वेळात पत्रा निवू देतात. फट मोठी असेल तर मागे तांब्याची पट्टी धरतात; तांब्याला वेल्ड चिकटत नाही.

सांधा घासून सपाट केल्यावर प्राइमर, पातळ पुट्टी व रंग हा क्रम असतो. बॉडी पुट्टी ओल शोषते, त्यामुळे ती गंजावर थापणे म्हणजे गंजाला पांघरूण घालणे होय. विक्रीपूर्वी भोकात जाळी व पुट्टी भरून वर रंग मारलेल्या गाड्या बाजारात असतात. चुंबक जिथे नीट धरत नाही तिथे संशय घ्यावा. फॉस्फरिक आम्लयुक्त गंजरोधके वरवरच्या गंजावर उपयोगी पडतात, पण भोक पडलेल्या पत्र्याला त्यांचा उपयोग नाही. आतल्या पोकळीत मेणयुक्त तेल फवारणे आणि निचऱ्याची भोके मोकळी करणे या दोन गोष्टी सर्रास टाळल्या जातात. दुरुस्तीचे आयुष्य मात्र त्यांवरच ठरते.

धोके आणि मर्यादा

जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तापवला तर जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळून त्याचा पांढरा धूर निघतो. तो श्वासात गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. त्यामुळे सांध्याजवळचा मुलामा आधी घासून काढतात व उघड्या हवेत काम करतात. मात्र घासतानाही मुखपट्टी हवी. लोखंडावर पूर्वी शेंदराचा थर देत. शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड असून विषारी आहे. हल्लीचे रेड ऑक्साइड प्राइमर लोखंडाच्या ऑक्साइडचे असते. जुना नारिंगी थर कोरडा घासू नये.

केबिनच्या पत्र्याने चासिसला ठिगळ लावणे सर्वथा अयोग्य आहे. चासिसचे पोलाद जाड व अधिक बळकट असते, गाडीचा सारा भार ते पेलते आणि चुकीच्या वेल्डिंगने ते ठिसूळ होऊन भार असताना तडकू शकते. केबिन जिथे चासिसवर टेकते त्या बैठका कुजल्या असतील तर ते काम निर्मात्याच्या सूचना माहीत असलेल्या कारागिराकडेच द्यावे. चासिसवर कोरलेला क्रमांक घासला जाणार नाही याचीही काळजी घ्यावी लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार मालमोटारीला योग्यता प्रमाणपत्र आवश्यक असते आणि त्याच्या तपासणीत वाहनाची ओळख या क्रमांकावरून पटवली जाते.