मालक एक नाही, मग फंड कोणाचा?

मालक एक नसेल तर म्हातारपणाचा फंड कोणी भरायचा, हा प्रश्न मुंबईच्या हमालांनी 1969 साली सोडवून घेतला. 1952 चा भविष्यनिर्वाह निधी कायदा होता, पण त्याला हजेरीपटावर नाव लागे. मशीद बंदरला सकाळी एकाची वखार, दुपारी दुसऱ्याचा ट्रक. तिथे नाव कोण लावणार? व्यापारी म्हणे, माणसं मुकादमाची. मुकादम म्हणे, माल शेटचा. माझे वडील त्यांतलेच, साताऱ्याकडून आलेले. मान आखडली की गावी जायचं, एवढाच या माणसांचा पुढचा विचार.

अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली, मोर्चे काढले, आणि माथाडी कायदा झाला. गोदी कामगारांसाठी 1948 चा कायदा होताच, पण बाजारपेठेतल्या असंख्य लहान गाळ्यांना तसा कायदा लावणं फार अवघड काम होतं. ते जमलं, याचं मोल मला मोठं वाटतं.

कायद्याची रचना अशी: कामगार, व्यापारी आणि सरकार यांचं मिळून मंडळ. गाळेवाल्याने मजुरी मंडळात भरायची, वर ठरावीक टक्के लेव्ही. टोळीची मजुरी मंडळ वाटणार, लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचे पैसे, औषधपाणी. दिवसभरात चार शेटांची पोती उचलली तरी चौघांचा वाटा एकाच खात्यात. वडील फंडाची चिठ्ठी हाती आली की आकडा माझ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचे. मग घडी घालून ती रेशनकार्डात ठेवायचे.

आज मी नवी मुंबईत रिटर्न भरायचं काम करतो. कंत्राटावर काम करणारी हुशार मुलं येतात. त्यांच्या फीमधून दहा टक्के टीडीएस न चुकता कापलेला असतो, फंडापोटी मात्र एक रुपया नसतो. पीपीएफ 1968 पासून आहे, एनपीएस 2009 पासून सर्वांना खुली आहे. पण दोन्हींत भरणारा ज्याचा तो एकटाच. काम देणाऱ्याचा वाटा शून्य, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अ‍ॅपवाल्या कंपन्यांनी आपल्या कामगारांसाठी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यावेत असं आहे. ते पैसे मात्र योजनांच्या सामाईक निधीत जायचे आहेत. माथाडी मंडळाची लेव्ही मजुरीवर होती, आणि तिच्यातला फंड ज्याच्या त्याच्या नावावर पडत होता. मी तीच पद्धत मागेन.