ग्रामीण घरविमा : विमारक्कम ठरवणे (इंदूर परिसर)

ग्रामीण घरविमा : गावठाणातल्या किंवा शेतावरच्या राहत्या घराचा आणि त्यातील चीजवस्तूंचा आग, वीज, वादळ, पूर, भूकंप अशा आपत्तींविरुद्ध उतरवलेला विमा. घर पूर्ण नष्ट झाले तर कंपनी जास्तीत जास्त जेवढे पैसे देईल, ती विमारक्कम. प्रस्तुत नोंद ही रक्कम किती असावी एवढ्याच प्रश्नापुरती आहे. उत्तर थोडक्यात असे की, तेच घर त्याच गावात आजच्या दराने पुन्हा उभे करायला जेवढा खर्च येईल तेवढी. हे कळायला सोपे असले, तरी इंदूर जिल्ह्यातल्या देपालपूर, सांवेर, महू या भागांत काय किंवा महाराष्ट्रातल्या खेड्यांत काय, पॉलिसीवरचा आकडा सहसा दुसरीकडूनच येतो. कधी तो जमिनीसकट घराच्या बाजारभावावरून येतो, कधी बँकेच्या कर्जावरून, कधी एजंटाने सुचवलेला गोल आकडा म्हणून. यांपैकी बाजारभावाचा आकडा गरजेपेक्षा फुगतो. बाकीचे बहुधा तोकडे पडतात, आणि तोकडेपणा कळतो तो घर पडल्यावर.

सुपर कॉरिडॉर आणि पीथमपूरच्या बाजूने इंदूर पसरत गेले तशी भोवतालच्या गावांतली जमीन महागली. त्यामुळे रस्त्यालगतच्या जुन्या घराची किंमत मालक मोठी सांगतो, पण त्या किमतीचा मोठा वाटा जमिनीचा असतो. जमीन जळत नाही, वाहून जाणेही विरळा. विमा नुकसानभरपाईच्या तत्त्वावर चालतो, म्हणून जमिनीची किंमत मिसळून रक्कम वाढवली तर हप्ता तेवढा वाढतो, हाती जास्त काही येत नाही. कर्जाचा आकडा याहून घातक. तीस लाखांच्या बांधकामाला दहा लाखांचे कर्ज असेल, तर बँकेचा जीव त्या दहा लाखांतच अडकलेला असतो आणि तेवढा विमा काढून तिचे काम भागते. उद्या घर गेले तर भरपाई आधी बँकेच्या खात्यात जमा होते. कर्ज फिटते, घर नसते आणि बांधायला पैसाही नसतो. कर्जासोबत मिळालेली पॉलिसी म्हणजे आपल्या घराचा विमा, असे म्हणूनच धरून चालू नये.

भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक केले. तिच्यात इमारतीची विमारक्कम काढण्याचे सूत्र दिलेले आहे : घराचे चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा चालू दर, अधिक इतर बांधकामांचा खर्च. सूत्र योग्य आहे, पण खेड्यातल्या घराला ते लावताना एक चूक हमखास होते. ठेकेदार दर सांगतो तो बांधीव क्षेत्रावर, आणि पॉलिसी विचारते चटई क्षेत्र. चटई क्षेत्रात बाहेरच्या भिंतींची जागा धरत नाहीत. ओसरी, गच्ची, वाहनाची जागा यांचे फक्त २५ टक्के क्षेत्र मोजतात. शहरातल्या फ्लॅटमध्ये हा फरक थोडा असतो. दीड फूट जाडीच्या भिंती आणि पुढे लांबलचक ओसरी असलेल्या माळव्यातल्या घरात तो फार मोठा होतो. समजा घर ३० बाय ४० फूट, म्हणजे १,२०० चौरस फूट आहे. त्यातली पाच फूट रुंदीची ओसरी २०० चौरस फूट. दीड फुटी भिंती वजा जाता आतली जागा ८१४ चौरस फूट राहते, ओसरीचे ५० मिळवून चटई क्षेत्र ८६४. ठेकेदाराचा दर हिशेबापुरता १,६०० रुपये धरला, तर घर बांधायला लागतील १९ लाख २० हजार. मात्र तोच दर चटई क्षेत्राला लावला तर विमारक्कम येते १३ लाख ८२ हजार. कोणीही काही लपवलेले नसताना सव्वापाच लाखांहून अधिक रक्कम कागदावरच गळाली. उपाय असा की आधी बांधकामाचा पूर्ण खर्च काढावा, त्याला चटई क्षेत्राने भागावे आणि येईल तो दर प्रस्तावात लिहावा. वरच्या उदाहरणात तो चौरस मीटरला सुमारे २३,९०० रुपये येतो. ठेकेदाराचा दर चौरस मीटरमध्ये बदलून लिहिला असता तर तो १७,२०० च्या आसपासच राहिला असता.

यानंतर घराभोवतीच्या गोष्टी. कुंपणभिंत, फाटक, अंतर्गत रस्ता, सेप्टिक टँक, बायोगॅस संयंत्र, पाण्याची पक्की टाकी, छतावरचे सौर पॅनेल यांना पॉलिसी घराचाच भाग मानते, पण त्यांचा खर्च रकमेत धरायला हवा. शहरात ही यादी दोन ओळींत संपते. गावात कुंपणभिंत आणि टाकी मिळूनच काही लाख होतात. गुरांच्या गोठ्याचा मात्र या यादीत स्पष्ट उल्लेख नाही, म्हणून तो पॉलिसीच्या अनुसूचीत नावानिशी लिहून घ्यावा. क्लेमच्या वेळी सर्व्हेअरशी त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा हे बरे. विक्रीसाठी साठवलेले सोयाबीन, गहू, लसूण ही घरगुती वस्तू नव्हे. जनावरे, ट्रॅक्टर, विहिरीवरचा पंप यांचाही विमा वेगळा. पंतप्रधान पीक विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचना १८ फेब्रुवारी २०१६ रोजी इंदूरपासून फार दूर नसलेल्या सीहोर जिल्ह्यातच जाहीर झाल्या आणि हप्ता कापला जात असल्याने ती घरोघरी ठाऊक आहे. परंतु ती शेतातल्या पिकापुरती आहे, घरातल्या पोत्यांना ती लागू पडत नाही. त्यामुळे घराच्या विम्यात धान्याची किंमत मिसळून रक्कम वाढवणे निरर्थक ठरते. धान्य वेगळ्याच पॉलिसीत न्यावे लागते.

सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप असा, की आपत्ती आली तर सरकार आहेच. मध्य प्रदेशात ही मदत राजस्व पुस्तक परिपत्र ६-४ खाली मिळते. पटवारी, म्हणजे आपल्याकडचा तलाठी, पंचनामा करतो आणि तहसील कार्यालयातून रक्कम मंजूर होते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्रीय निकषांत सपाट प्रदेशातल्या पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये धरले आहेत. अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि घराला जोडून असलेल्या गोठ्याला ३,००० रुपये. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेतही सपाट प्रदेशासाठी मूळ अनुदान १ लाख २० हजारच होते, आणि त्यात अपेक्षित घर किमान २५ चौरस मीटरचे. म्हणजे ही रक्कम डोक्यावर छप्पर यावे यासाठी आहे, गेलेले घर परत यावे यासाठी नाही. ती जरूर घ्यावी, तिच्यासाठी भांडावेही. पण विमारक्कम ठरवताना ती वजा करू नये.

दुसरा आक्षेप जास्त अभ्यासू माणसांकडून येतो. जुन्या अग्निविमा पॉलिसीत कमी विम्याची शिक्षा होती. चाळीस लाखांच्या घराचा विमा वीस लाखांचा असेल, तर दहा लाखांच्या नुकसानीला पाचच लाख मिळत. भारत गृह रक्षेने ही कपात पूर्ण काढून टाकली. मग निम्म्या रकमेचा विमा का काढू नये, कारण बहुतेक नुकसान अंशतःच होते ना? शहरासाठी या युक्तिवादात थोडे तथ्य आहे. गावात नाही. इंदूरच्या वस्तीत अग्निशमन बंब लवकर पोहोचतो. देपालपूरच्या पलीकडच्या पाड्यावर तो येईपर्यंत एका खोलीची आग सगळ्या घराची झालेली असते. मार्च-एप्रिलमध्ये गहू निघाल्यावर शेतात उभी राहिलेली नरवाई, म्हणजे गव्हाचे धसकट, बंदी असूनही पेटवली जाते आणि वाऱ्याबरोबर आग वस्तीकडे येते. गोठ्याच्या माळ्यावर त्याच दिवसांत सोयाबीनचा आणि गव्हाचा भुसा भरलेला असतो. पुराचेही तसेच. सप्टेंबर २०२३ च्या मध्याला इंदूर भागात आणि नर्मदेकाठी जी अतिवृष्टी झाली, तशा पावसात मातीची भिंत थोडीशी भिजून थांबत नाही, ती बसते आणि छप्पर खाली आणते. गावातले अंशतः नुकसान पूर्ण नुकसान व्हायला वेळ लागत नाही, आणि पूर्ण नुकसानीत विमारक्कम हीच कमाल मर्यादा. कपात रद्द झाली ही हिशेबात चुकणाऱ्या प्रामाणिक माणसासाठीची सवलत आहे. ती मुद्दाम वापरणारा स्वतःचेच घर अर्धे उघडे टाकतो.

तिसरा आक्षेप जुन्या घरांचा. आजोबांच्या काळच्या माती-दगडाच्या, कवेलूंच्या घराला आता किंमत ती काय, असे म्हटले जाते. विकताना नसेलही. पण ते घर पडल्यावर त्याच्या जागी कोणी पुन्हा माती-दगडाचे बांधत नाही. बांधायचे ते सिमेंट-विटांचे, नर्मदेची रेती, सळई आणि मजुरी आजच्या भावाने घेऊन. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने लातूर-धाराशिव भागातली जड माळवदाची हजारो घरे भुईसपाट केली. पुनर्वसन झाले ते जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या सरकारी कार्यक्रमातून. एवढ्या मोठ्या आपत्तीनंतर एवढी मोठी यंत्रणा उभी राहते. गावातले एकटे घर पडते तेव्हा ती उभी राहत नाही. लाकूडकाम असलेल्या वाड्यांना तर दुप्पट काळजी हवी. इंदूरच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी. १९८४ च्या दंगलीतल्या आगीनंतर जळालेला भाग पुन्हा उभा राहायला दोन दशकांहून अधिक काळ गेला. सागवानी खांब-तुळयांच्या घराला सिमेंटच्या घराचा दर लावणे म्हणजे विमारक्कम मुद्दाम कमी लिहिणे. गवत, बांबू, लाकडी फळ्या, ताडपत्री यांच्या भिंती किंवा छप्पर असलेले घर विम्याच्या भाषेत कच्चे ठरते आणि त्याच्या अटी निराळ्या असतात. छप्पर कशाचे हे प्रस्तावात खरे लिहावे. हप्ता वाचवायला केलेली ही एक खोटी नोंद संपूर्ण क्लेम बुडवू शकते.

रक्कम वाढवून सुटत नाही अशीही एक गोष्ट माळव्यात आहे, ती म्हणजे काळी माती. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, पाया हलतो, भिंतींना तिरके तडे जातात. बांधकाम बसल्याने पडणारे असे नेहमीचे तडे आणि सदोष बांधणी पॉलिसीच्या कक्षेबाहेर आहेत. त्यावर खर्च करायचा तो पायात, विम्याच्या हप्त्यात नव्हे.

घरातल्या सामानाला इमारतीच्या विमारकमेच्या २० टक्के, पण कमाल १० लाखांपर्यंतचे संरक्षण वेगळी यादी न देता मिळते. बहुतेक शेतकरी घरांना ते पुरते, मात्र इमारतीचा आकडा तोकडा असेल तर हाही तोकडा होतो. दागिन्यांचा विमा मूल्यांकन करून वेगळा घ्यावा लागतो. पैशाची ओढ असेल तर आधी तो सोडावा. इमारतीच्या रकमेला हात लावू नये, कारण पक्क्या घराच्या इमारतीचा हप्ता सहसा लाखामागे वर्षाला शंभर रुपयांच्या आत बसतो आणि तिथे केलेली काटकसर सर्वांत महाग पडते. एकापेक्षा जास्त वर्षांच्या पॉलिसीत, जी दहा वर्षांपर्यंत घेता येते, इमारतीची रक्कम दरवर्षी मूळ रकमेच्या १० टक्क्यांनी आपोआप वाढते : वीस लाखांची दहाव्या वर्षी अडतीस लाख. एका वर्षाच्या पॉलिसीत ही वाढ मालकालाच करावी लागते, आणि नूतनीकरणाच्या वेळी जुनाच आकडा पुढे चालू ठेवणे ही सार्वत्रिक सवय आहे.

शेवटी मालकीचा प्रश्न. माळव्यातल्या अनेक मराठी कुटुंबांप्रमाणे घर जर सामाईक असेल, एक भाऊ गावात आणि बाकीचे इंदूर-पुण्यात असतील, तर पॉलिसीत सर्व सहमालकांची नावे हवीत. गावठाणातल्या घरांना कागद नसल्याची अडचण २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतल्या मालमत्ता पत्रकाने बरीच दूर केली आहे. ते पत्रक, घराच्या मोजमापाचा नकाशा, ठेकेदाराचे लेखी अंदाजपत्रक आणि आतून-बाहेरून काढलेली छायाचित्रे यांची एक प्रत घराबाहेर, शक्यतो दुसऱ्या गावातल्या नातलगाकडे ठेवावी आणि पॉलिसी घेण्याआधी एकदा फीत घेऊन आपले घर स्वतः मोजावे.